सराव चुकला, खांदा चुकला

शिमग्यात पालखी घरोघर फिरते आणि तिला खांदा द्यायला मुंबईहून पोरं सुट्ट्या टाकून येतात. पण लांज्याजवळच्या या गावात खांदा मिळायचा तो हरिश्चंद्रकाकांच्या हातून.

काका काजूच्या कारखान्यात कामाला होते. शिमगा जवळ आला की संध्याकाळी तरुणांना कातळावर अनवाणी उभं करायचे. बांबूला पाण्याने भरलेली कळशी टांगायची, बांबू खांद्यावर घ्यायचा आणि चालता चालता खांदा बदलायचा. पाणी सांडलं तर काका ओरडत नसत. कळशी पुन्हा भरून आणायला लावत. विहीर लांब उतारावर होती.

"सराव चुकला, खांदा चुकला," एवढाच त्यांचा नियम. कारणं ऐकून घेत नसत. एका वर्षी परीक्षेमुळे गावातल्या ऋत्विकचा सराव चुकला. काकांनी त्याला पालखीमागून चालायला लावलं. तो धुमसत चालला. पण देवाचं रूप त्याने नीट पाहिलं ते त्याच वर्षी. खांदेकऱ्याला देव दिसत नाही.

पुढे साहित्यात पदवी घेऊन तो रत्नागिरीत नोकरीला लागला. तरी एसटीने सरावाला यायचा. यंदा काकांनी पालखीची जबाबदारी त्याच्यावर टाकली आणि स्वतः नातवाच्या बारशाला मुंबईला गेले. सराव त्यांच्याविना झाला.

पालखी निघायच्या सकाळी काका हजर. पुढच्या दांड्याला हात लावून उभे राहिले. ढोल थांबले. सगळे ऋत्विककडे बघू लागले.

तो गप्प बसला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण पुढच्या वर्षी एखाद्या पोराला अडवायला त्याला तोंड उरलं नसतं.

"काका, तुमी सरावाला नव्हता," तो कसाबसा म्हणाला.

 काकांनी दांड्यावरचा हात काढला. देवापुढे गाऱ्हाणं घालताना सगळे हात जोडून होकार देतात, तसे हात जोडले.

"व्हय महाराजा."

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. ते मुद्दाम उभे राहिले होते की सवयीने, हे ऋत्विकने कधी विचारलं नाही. त्या क्षणी तो वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला. 

काकांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"माझा नातू मोठा झाला की त्यालापन असाच अडव," ते म्हणाले. "आता उचला. ऊन चढतंय."