मोकळ्या ओटीचा अमरकंद

वैशाखातली दुपार. पडवीत घोंगडीवर आडवी झालेल्या भागीरथीचा डोळा लागतो न लागतो तोच उशाशी ठकूबाई येऊन बसते. ही तिची थोरली नणंद, मागच्या पावसाळ्यात वारलेली. पण भागी घाबरत नाही. वन्सं आल्या, आता काहीतरी मार्ग निघेल, एवढंच तिला वाटतं.

"वन्सं, परसात अमरकंद लावला, तर सगळा कुजला. आता बाया कड्याखाली खणायला निघाल्यात. तिथलाही संपला तर डोंगरात बी उरायचं न्हाई."

"चल, दाव."

पडवीची पायरी उतरावी तर खाली परस नाही, कड्याखालचा उतारच आहे. अमरकंद, रानातलं ते ऑर्किड, फुललंय. ठकूबाई गुडघे टेकून माती उकरते. काय त्या बाईची बोटं! मागचा सुरकुतलेला कंद तेवढा मोडून घेते, पुढचा कोंबाचा जागच्या जागी झाकते. गावातल्या किती बाळंतिणी तिच्या हातची अमरकंदाची खीर पिऊन उभ्या राहिल्या, तरी तिनं खणलेल्या जागी दरसाल फुलं येतच राहिली. अशी बाई पुन्हा होणे नाही.

"लावताना काय केलंस?"

"काय कमी न्हाई केलं. कंद तीन पाण्यानं धुतले, लख्ख केले, मग लावले."

ठकूबाई कपाळावर हात मारते. "अगं खुळे, खीर करायची व्हती का लावायचा व्हता? लेक सासरी निघाली तर मोकळ्या ओटीनं धाडतात व्हय? म्हायेरची माती धुऊन काढलीस, मग परक्या घरी जीव कसा धरंल ती? पसर पदर."

भागीला हसू येतं आणि रडूही. झाडाच्या बुडातली माती ओंजळीनं तिच्या पदरात पडते.

"वन्सं, तुम्ही ऱ्हावा की."

"मी मागला कंद गं. माझं झालं. तू कोंब राख."

"भागे, ए भागे, निघायचं न्हवं?"

ती डोळे उघडते. अंगणात कुदळी घेऊन बाया उभ्या आहेत. पदर तिच्या मुठीत घट्ट आवळलेला. ती मूठ सोडते, बघते.

"कुदळी ठेवा खाली," ती म्हणते. "खणायचं न्हाई. घरात खिरीला ठेवल्यात त्या कंदांची आधी ओटी भरायचीय, मग परसात लावायचं."

बाया वाकून पदरात बघतात. परसातली माती तांबडी, भाजून निघालेली. ही काळी आहे, आणि अजून ओली.