पाण्यात मीठ कोण टाकतं?

सोळाव्या वर्षी मला जगातलं सगळं कळत होतं. त्यात हेही कळलं होतं की माझी सासू माझ्या पाण्यात मीठ टाकते.

सासर बाळापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहीर घरची, पण तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि ते घशाखाली उतरत नसे. सासरे अकोल्याच्या शाळेतून पेन्शनीवर आलेले मास्तर. त्यांना मुतखडा झाला आणि वैद्यांनी खारं पाणी बंद केलं. घरात गोडं पाणी झालं नाही, तर त्यांना लेकीकडे मोर्शीला जाऊन राहावं लागणार होतं. ते गेले की माझं वाचन संपलं. मला अक्षरं शिकवणारे त्या घरात तेवढेच एक.

म्हणून वैद्य ओव्याचा अर्क काढतात तसं मी पाणी काढायला घेतलं. मोठ्या पातेल्यात विहिरीचं पाणी, मधोमध विटेवर वाटगा, वर गार पाण्यानं भरलेली कढई. वाफ कढईच्या बुडाला लागून थेंबाथेंबानं वाटग्यात पडायची. कढईतलं पाणी तापलं की ते आंघोळीला. एका जाळात दोन कामं, म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश. पण वाटग्यातलं पाणी रोज खारटच निघे, आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीग खाली बसत चालला.

"काहून वं, चूल हाय का वीटभट्टी?" सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या. "सोमवारपर्यंत पाहतो. नाई जमलं तं तुया मामंजीले मोर्शीले पोचवून देतो."

झालं, माझा संशय पक्का. शिकणारी सून त्यांना खुपत होतीच.

रविवारी दुपारी चुलीत भरपूर जाळ घातला, "मले झोप येऊन राहिली" असं मोठ्यानं म्हटलं आणि कणगीमागं दडले. आत्याबाई आल्या. पातेल्यावर वाकल्या. मी कणगीआडून मान लांबवली. त्यांनी जळत्या पऱ्हाट्या बाहेर ओढून राखेत विझवल्या, दोनच आत ठेवल्या आणि तिथंच डाळ निवडत बसल्या. एक विझत आली की दुसरी सारायच्या. मीठ नाही, काही नाही. मी मात्र दोन तास डास मारत अडकले.

"ये आता कणगीमागून," त्या मान वर न करता म्हणाल्या. "वाटगा भरला."

पाणी गोडं होतं. घाईघाईनं मी जाळ वाढवायची, पातेल्यातलं पाणी उसळायचं आणि वाटग्यात उडायचं. मीठ टाकणारी मीच.

"आत्याबाई, तुमाले ठाऊक होतं?"

"मी तं पऱ्हाट्या वाचवून राहिलो होतो."

हे खरं की खोटं, मला अजून उमगलेलं नाही.

मामंजींनी पाणी चाखलं आणि मोर्शी टळली. मंद जाळाला वेळ फार लागे, म्हणून शिकवणी चुलीजवळच्या उंबऱ्याशी आली. सुनेच्या हाती जाळ द्यायची सोय नाही म्हणत आत्याबाईही रोज तिथं बसू लागल्या. पाटीकडे त्या चुकूनही पाहत नसत. पण मी एखादं अक्षर चुकीचं वाचलं की मामंजींच्या आधी त्यांचा चिमटा वाजायचा.