विहिरीच्या काठावरचे दहा

युसुफ नबींची गोष्ट मी लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल याला गणती नाही. आणि दर वेळी ऐकताना मी युसुफच असायचो. भावांनी विहिरीत टाकलेला, देखणा, निरपराध, पुढे मिसर देशाचा कारभारी होणारा. ऐकणारा जो तो युसुफच होतो. त्याच्या दहा थोरल्या भावांच्या जागी आपणहून जाऊन बसणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. मला मात्र अल्लाहनं एकदा त्या जागी बसवलं, तेही माझ्याच घरात आणि माझ्याच हातानं. हे लिहावं की नाही यावर मी पुष्कळ वर्षं घोळ घातला. लाज वाटते, दुसरं काय. पण झालेली मेहेरबानी लाजेपायी लपवणं हीसुद्धा चोरीच, असं अब्बा म्हणायचे, म्हणून लिहितो.

सोलापुरात मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. भवानी पेठेच्या अलीकडे आमची विणकरांची गल्ली होती. साळी, पद्मसाळी आणि आम्ही मोमीन, भिंतीला भिंत लावून राहायचो. गिरण्यांचे भोंगे वाजले की अर्धी पेठ तिकडे पळायची, पण आमच्या गल्लीत हातमाग टिकून होते. अब्बा विणता विणता नबींच्या गोष्टी सांगायचे. आदमपासून सुरुवात, मग नूह, मग इब्राहीम, असं क्रमानं. एका चादरीला एक नबी पुरायचा. माझी बायको कांड्या भरत बसायची, मी माझ्या मागावर, आणि माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा दस्तगीर अब्बांच्या पायाशी. आमची घरातली बोली दखनी. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलो, तेवढ्या शिदोरीवर हे मराठीत उतरवतो आहे.

अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि एके दिवशी ते दाराजवळच्या मोठ्या मागावरून उठले ते उठलेच. त्या मागाला आमच्या गल्लीत मान होता. दर वर्षी पीरसाहेबांच्या उरुसाला विणकरांतर्फे जी पांढरी, हिरव्या काठाची चादर चढायची, ती त्याच मागावर विणली जायची. थोरला मी. दहा वर्षं मी अब्बांच्या शेजारी विणत होतो. आता ते माझं नाव घेणार म्हणून मी हात धुऊन, टोपी नीट करून उभा राहिलो. अब्बांनी चाचपडत दस्तगीरचा खांदा धरला आणि म्हणाले, "बेटा, तू बस." मी धुतलेले हात परत पुसले.

दस्तगीरचा हात माझ्याहून हलका होता, हे मला ठाऊक होतं. त्याच्या कापडाला एक सारखेपणा यायचा, तो मला दहा वर्षांत आला नव्हता. तेच तर दुखणं होतं. तो वाईट विणत असता तर मी त्याच्यावर मनापासून माया केली असती. आता त्याचा धोटा चालला की माझा चुकायचा. त्याच्या मागावर तार तुटली की मला भूक लागायची, दोन घास जास्त जायचे. अब्बा विणलेल्या कापडावरून बोटं फिरवत "वा" म्हणायचे, त्या एका अक्षरानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चहाचा पहिला पेला आता मोठ्या मागाकडे जातो हेही मी मोजू लागलो होतो, आणि तो पेला माझीच बायको नेऊन द्यायची. पाच वेळा नमाज पढत होतो आणि पाची वेळा अल्लाहकडे न्याय मागत होतो. मत्सराला न्यायाचा धुतलेला अंगरखा घालून मी रोज मशिदीत नेत होतो, आणि मला ते कळतही नव्हतं.

उरूस बुधवारी होता. त्याआधीच्या शुक्रवारी उरुसाची चादर मागावर अर्धी झाली होती. जुम्म्याच्या नमाजाला गल्लीतली सगळी मोमीन मंडळी मशिदीत गेली. मी हातपाय धुऊन वजू केला, रांगेत उभा राहिलो आणि पोटात कळ आली असं सांगून बाहेर पडलो. पोटात दुखत होतं हे खोटं नव्हतं, फक्त दुखणं निराळं होतं. घरात कोणी नव्हतं. बायको माहेरी गेलेली. मी कात्री घेतली, मोठ्या मागाच्या मागल्या बाजूला बसलो आणि ताण्याच्या सगळ्या उभ्या तारा, या काठापासून त्या काठापर्यंत, कापून टाकल्या. दीड-दोन हजार तारा असतील. वेळ किती लागला सांगू? पान खाण्याइतका. मग मी कात्री जागेवर ठेवली, कोपऱ्यात भाकरीचे तुकडे टाकले आणि पुन्हा मशिदीच्या पायरीवर जाऊन बसलो.

"उंदीर," नमाजाहून सगळे परतल्यावर मी सगळ्यांच्या आधी म्हणालो. "उंदरांनी ताणा खाल्ला." दस्तगीर तुटलेल्या तारांकडे बघत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. अब्बा भिंतीला धरून आले. त्यांनी लोंबणारी टोकं हातात घेतली, मुठीत धरून अंगठा फिरवला. मग टोकं सोडून दिली आणि एवढंच म्हणाले, "आता धीर धरायचा. दुसरं काय."

तुटका ताणा जोडायचा म्हणजे सांधणी करायची. मागाकडची तार आणि गुंडाळीकडची तार, जोडीजोडीनं, एकेक गाठ मारून. ते काम वेगळ्या बोटांचं. आमच्या गल्लीत सांधणी करणारा एकच म्हातारा होता आणि तो लेकीच्या घरी माळशिरसला गेला होता. बाकीच्या पेठांत उरुसाच्या आधी सगळ्यांचीच घाई. दस्तगीरनं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत शंभरेक गाठी मारल्या, त्यातल्या निम्म्या ताणल्यावर सुटल्या. उरुसाची चादर यंदा चढणार नाही आणि ती दस्तगीरच्या पहिल्याच वर्षी चढली नाही, हे गल्लीनं कधी विसरलं नसतं. मला हवं होतं ते झालं होतं. तरी त्या संध्याकाळी मला घास गिळेना.

शनिवारी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला मळका पटका, खांद्याला पडशी. "पाणी मिळंल का जरा? दुधनीला निगालोय, गाडीला लई येळ हाय," म्हणाला. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता त्याची नजर मागावर गेली. तांब्या खाली ठेवून तो सरळ आत आला, तारा बोटांवर घेतल्या आणि म्हणाला, "आरं, हे तर माजंच काम हाय की. पर समोर एक मानूस पायजे, तारा काढून द्यायला."

दस्तगीर पुढे झाला. तो माणूस त्याचे हात बघून म्हणाला, "तुजी बोटं सुजल्याती. तू ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडे हनुवटी करून, "तुमी बसा की."

सांधणीची रीत अशी, की दोघांनी तुटक्या ताण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचं. एकानं दोन्हीकडची नेमकी तार शोधून पुढे करायची, दुसऱ्यानं घ्यायची आणि पिळून गाठ मारायची. म्हणजे मी कापलेली प्रत्येक तार मलाच पुन्हा हातात धरायची होती. एकही सुटणार नव्हती. तो कानडीत मोजत होता, वंदु, यरडु, मूरु, आणि त्याची बोटं अशी चालत होती की गाठ पडलेली दिसायचीच नाही. मी तार द्यायचो, तो घ्यायचा. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. माझ्या कपाळावरून घाम टपकत होता आणि खोलीत तर गारवा होता.

अब्बा भिंतीला टेकून बसले होते. त्या आठवड्यात त्यांची गोष्ट इब्राहीम नबींपाशी आली होती. पण त्या दिवशी त्यांनी ती मध्येच सोडली आणि युसुफ नबींची काढली. त्यांनी क्रम मोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. भाऊ कसे म्हणाले की बापाला आमच्यापेक्षा तोच लाडका, कसे त्याला रानात घेऊन गेले, विहिरीत टाकला, आणि त्याचा कुरता खोट्या रक्तात बुडवून बापापुढे आणला, की लांडग्यानं खाल्ला. अब्बा इथे थांबले. मग हळू म्हणाले, "युसुफच्या बापानं, याकूब नबींनी, कुरता हातात घेऊन उलटसुलट केला. आणि म्हणाले, मोठा मायाळू लांडगा दिसतो. पोराला खाल्लं आणि कुरत्याला एक भोकसुद्धा पडू दिलं नाही."

माझ्या हातातली तार निसटली. समोरच्या माणसानं ती हलकेच उचलली, टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि गाठ मारता मारता, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, "ह्यो उंदीर विनकराच्याच घरचा दिसतोय. लई सरळ खातोय की." पुन्हा वंदु, यरडु, मूरु. खाई त्याला खवखवे म्हणतात. विणकराच्या घरात वाढून मला एवढं सुचलं नव्हतं, की उंदरानं कुरतडलेल्या तारेला भुसा येतो, एक लांब एक आखूड होते. कात्रीचं टोक सारखं असतं. ही चूक विणकरापुढे खपेल असं फक्त मत्सरानं आंधळ्या झालेल्या विणकरालाच वाटू शकतं.

दिवस मावळायच्या आत शेवटची गाठ पडली. त्या माणसानं आमच्याकडची दोन भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधून घेतली, आणखी काही घेतलं नाही. नाव विचारलं तर म्हणाला, "आता गाडी चुकंल." दस्तगीर त्याच्या मागोमाग वळणापर्यंत पळत गेला, पण तो गर्दीत दिसेनासा झाला होता. पुढे दुधनीच्या बाजारात येणाऱ्या विणकरांना आम्ही विचारून पाहिलं, कोणाला ठाऊक नव्हता. गल्लीतले म्हातारे म्हणायचे, अडल्यानडल्यांना वाट दाखवणारे ख्वाजा खिज्र आले होते. मी काही म्हणत नाही. तहानलेल्या व्यापाऱ्यांचा कारवान पाण्याला वळला म्हणून युसुफ नबी विहिरीतून वर आले, तसा तो पाण्याला वळला, एवढंच मला माहीत आहे.

मंगळवारी दुपारी चादर उतरली. बुधवारी ती चार कोपरे धरून न्यायची होती. दस्तगीर नवा कुरता घालून आला आणि मला म्हणाला, "भाई, पुढचा उजवा कोपरा तुम्ही धरा. तुम्ही शनिवारभर बसला नसता तर चादर झाली नसती." तिथे माझं लपवायचं बळ सरलं. मी आत अब्बांच्या पायाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. दस्तगीर दारात उभा होता, त्यानंही ऐकलं.

अब्बा म्हणाले, "हौ. मला शुक्रवारीच कळलं. डोळे गेलेत, अंगठा नाही गेला."

"मग बोलला का नाहीत?"

"याकूब नबी तरी कुठे बोलले? त्यांनाही त्याच दिवशी कळलं होतं." त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि हात ठेवला. "लोक म्हणतात ते एका युसुफसाठी रडून आंधळे झाले. मला नाही पटत. विहिरीत एकच गेला, बेटा. हरवले मात्र दहा. विहिरीतल्याला अल्लाह बघत होता. काठावरच्या दहांनी घरी परत यावं म्हणून बापाला रडावं लागलं. तू पाच दिवसांत आलास. मी नशीबवान."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडलो. आजवर मला वाटत होतं की अब्बांची माया मोठ्या मागाकडे गेली. ती तर पाच दिवस माझ्याच वाटेकडे डोळे लावून बसली होती.

दस्तगीर मात्र चिडला. आणि का चिडू नये? मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "भाई, मी युसुफ नबी नाही. मला वेळ लागेल." त्यानं कोपरा दुसऱ्याला दिला. मी चादरीच्या मागून सगळ्यांबरोबर चालत गेलो. महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्या महिन्यात मी अल्लाहकडे न्याय मागायचं बंद केलं. मला न्याय मिळाला असता तर मी कुठे राहिलो असतो, हा विचार आला की दुआ अर्धीच राहायची. मग मी काहीच न मागता नुसता हात पसरून बसू लागलो. पहिल्यांदा नमाजात मला माझ्याच कुरकुरीखेरीज दुसरं काही ऐकू आलं.

महिन्यानंतर मोठ्या मागावर नवा ताणा जुन्याच्या टोकांना सांधून चढवायचा होता. सांधणीवाला म्हातारा अंगणात तंबाखू मळत बसला होता, पण दस्तगीरनं त्याला हाक मारली नाही. तो स्वतःच ताण्याच्या एका बाजूला बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाई, समोर बसा. गाठ मारायला शिकतोय मी."

अब्बा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती चादर दर्ग्यातल्या पेटीत आहे. मुजावर कधी ऊन द्यायला बाहेर काढतो, तेव्हा मी तिच्यावरून अंगठा फिरवतो. बरोबर मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, बारीक गाठींची एक ओळ लागते. डोळ्यांना दिसत नाही. आपल्या हातून काय काय तुटतं ते जोडण्याची ताकद आपल्यात नसते, हे मी त्या ओळीवर शिकलो. तुटलेली टोकं न लपवता पुढे करणं, एवढंच माणसाचं काम. गाठ मारणारा समोर बसलेला असतो. नवा ताणा चढवायच्या त्या दिवशी दस्तगीर वाट बघत बसला होता. मी पहिली तार शोधली आणि त्याच्या हातात दिली.