न्यूयॉर्कचा न मेलेला शिपाई

कॅनडातल्या मिसिसागाहून आम्ही नायगाराकडे निघालो, पण धबधबा बघायला नव्हे. अरुणामावशीचे यजमान दिनकरकाका म्हणाले, "धबधबा काय, पाणीच ते! तू पुण्याची, तुला इतिहास दाखवतो." मावशीने धपाटे, दही आणि काकांच्या गोळ्या बरोबर घेतल्या. गेल्या हिवाळ्यात काकांची बायपास झाली, तेव्हापासून ती त्यांना नजरेआड होऊ देत नाही.

नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा खेळ होता. पलीकडच्या न्यूयॉर्क राज्यातून अमेरिकन चालून आले आणि हरले. इथली मंडळी त्यांना दर उन्हाळ्यात पुन्हा हरवतात. अडचण एकच, कॅनडात अमेरिकन व्हायला कुणी तयार नसतं. लाल डगलेवाल्या संयोजकाने प्रेक्षकांतून माणसं मागितली आणि काकांनी हात वर केला. निळ्या डगल्याची बटणं पोटावर लागेनात, तरी स्वारी खूश.

"सिंपल आहे गं," ते मावशीला म्हणाले. "ड्रम वाजला की आडवं व्हायचं. आय जस्ट हॅव टू डाय."

मावशीचा चेहरा उतरला. "पळायचं तर पळा. मरायचं नाही. खेळातसुद्धा नाही."

"अगं, बाकीचे सगळे मरतायत!"

"त्यांचं त्यांच्या बायका बघून घेतील."

ड्रम वाजला. धूर झाला, पंधरा न्यूयॉर्ककर धडाधड पडले आणि काका उभेच. त्यांच्यावर पुन्हा बार काढले. काकांनी मावशीकडे पाहिलं, तिने ठामपणे नकारार्थी मान हलवली.

"सर, प्लीज, यू आर डेड!" संयोजक माइकवरून विनवू लागला.

"सॉरी, वाइफ इज नॉट अलाउइंग!" काका ओरडले.

मेलेले शिपाईही हसू लागले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, खेळ आहे गं."

"ऑपरेशननंतर असेच निपचित पडले होते," ती म्हणाली. "एकदा बघितलं, पुरे."

खेळ संपल्यावर नदीपलीकडच्या गावातल्या इतिहास मंडळाच्या एक अमेरिकन बाई मुद्दाम काकांना भेटायला आल्या. त्यांनी सांगितलं, "त्या युद्धात आमच्या मिलिशियातले, म्हणजे गावोगावच्या साध्या माणसांच्या फौजेतले, कितीतरी जण या नदीपर्यंत आले आणि पलीकडे जायचं नाकारून काठावरच उभे राहिले. आमच्याकडे हे कुणी मोठ्याने सांगत नाही."

"शहाणे होते," मावशी म्हणाली आणि बाईंच्या हातात धपाटा ठेवला.

परतताना काका मागच्या सीटवर पेंगत होते. गाडी चालवणारी मावशी दर दहा मिनिटांनी हाक मारी, "अहो!" डोळे न उघडता काका म्हणत, "आहे गं."

किल्ल्यातल्या शिळेवर पडलेल्यांची नावं कोरली आहेत. न पडलेल्यांची कुठेच नाहीत. ते घरी गेले, म्हातारे झाले आणि अशाच हाकांना ओ देत राहिले असतील.