सखारामकाकांची गिरण आणि आबांची नाडी

एका माणसाच्या हृदयाचे ठोके शेजारच्या इंजिनाशी जुळू शकतात का, या प्रश्नाचे उत्तर मी शोधत होतो. लोणावळ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवीत असे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता… आजही नाही.

साठच्या दशकाचा शेवट. भाजे गावातील आमच्या घराला लागून सखारामकाकांची भाताची गिरण होती. काका माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, धाकटे चुलतभाऊ. त्यांनी ती मुद्दाम आमच्या भिंतीशी बांधली, असे आबांचे म्हणणे; दोघे बोलत ते फक्त भांडायला. गिरणीचे जुने, संथ तेलाचे इंजिन दिवसभर ‘कुक्… कुक्’ करी आणि मधूनच एक ठोका गाळी.

आबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते वाचले. डॉक्टरांनी समजावले, "हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती. आता भीती ठोके बिघडण्याची आहे. विश्रांती द्या, नाडी पाहत जा."

मी काकांना गिरण थोडे दिवस बंद ठेवण्याची विनंती केली.

"माझ्या गिरणीनं मरतोय व्हय म्हातारा?" काका इंजिनाचा पट्टा चढवीत म्हणाले. "मरू दे की. आमालाबी शांतता."

त्याच दिवशी नाडी पाहताना ध्यानात आले — इंजिनाने ठोका गाळला की आबांची नाडीही गाळत होती. योगायोग असेल म्हणून पत्नीला कानांत कापूस घालून नाडी धरायला सांगितले; ठोका चुकला की तिने बोट वर करायचे. मी दारात उभा राहून इंजिन ऐकले. बोट दर वेळी बरोबर वर झाले. संध्याकाळी गिरण थांबली, तशी नाडी दुबळी, विस्कळीत झाली.

मी पुन्हा काकांकडे गेलो.

"सकाळी बंद कर म्हणलास, आता बंद करू नको म्हणतोस. शाळेत असंच शिकवतोस का रं?" ते हसले. "ठेवतो चालू. पर त्यानं सोता येऊन हात जोडायचे."

आबांनी हे ऐकले आणि सकाळी गिरण सुरू होताच उठून तिकडे चालू लागले. मी आडवा आलो. त्यांनी मला बाजूला सारले. गिरणीत शिरून त्यांनी हात जोडले नाहीत… इंजिनाच्या तेलाची तोटी बंद केली.

"तुझ्या मेहेरबानीवर जगायचं न्हाई मला."

इंजिन धापा टाकीत थांबले. मी आबांचे मनगट धरले. काहीच लागेना. मग एक ठोका आला… मग दुसरा. नाडी संथ, भरीव चालू झाली — मधूनच एक ठोका गाळत, अगदी इंजिनासारखी.

ते इंजिन पुन्हा सुरू झाले नाही. मिस्त्रीने सगळे खोलून पाहिले. दोष सापडला नाही. आबा पुढे कितीतरी वर्षे जगले. काका भिंतीपलीकडून ओरडत, "माझं इंजिन दे परत!"

"ये की, घेऊन जा," आबा छातीवर हात मारून म्हणत.

औषधे चालू होतीच. गुण त्यांचाही असेल. बाकीच्याचे स्पष्टीकरण मजजवळ नाही. ज्यांच्या गावी असे जुने इंजिन आहे, त्यांनी एकाला कापूस घालून नाडी धरायला बसवावे, दुसऱ्याने इंजिन ऐकावे. माझ्यावर विश्वास ठेवू नये. स्वतः तपासून पाहावे.