भास्करची साधी गाडी

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कडोदऱ्याच्या चौकात ट्रकांमध्ये अडकलो होतो. त्याच्या छातीत दुखतंय एवढं कळताच मी माझी उंच, चकचकीत गाडी काढून निघालो होतो. नुसता हॉर्न वाजवत राहिलो... बमरोलीला त्याच्या घरी पोचलो तेव्हा त्याला घरी आणलं होतं आणि बायका रडत होत्या.

आम्ही दोघं अमळनेरकडच्या एकाच गावचे, पोटासाठी इकडे मागांच्या शहरात आलेलो. भास्कर लूमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचा. काही वर्षांपूर्वी त्याने एक जुनी सेडान घेतली. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून कुणी हात लावत नव्हतं. दिसायला राखाडी, बापुडवाणी. इंजिन मात्र भल्याभल्यांना मागे टाकणारं. मागे तिची ताकद सांगणारी अक्षरं होती, तीही त्याने पहिल्याच आठवड्यात काढून टाकली. "अरे, तेवढं तरी राहू दे," मी म्हणालो. "दखाडाले नही लिधी भाऊ, चालाडाले लिधी," तो म्हणाला.

मला दाखवायची हौस, त्यामुळे हे कधी पटलं नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात मी थट्टेने म्हणालो, "ती काय, भाड्याची टॅक्सी उभी आहे." मंडळींना खरंच वाटलं. त्यांनी रुखवताची भांडी डिकीत भरली, तीन म्हाताऱ्या मागे बसवल्या. भास्करने कुणाला काही सांगितलं नाही. भेस्तानच्या हॉलवर म्हाताऱ्यांना हात धरून उतरवलं, एकीने ड्रायव्हर समजून दिलेला लाडू तिथेच उभ्याने खाल्ला. मला लाज वाटायला हवी होती. मी पोट धरून हसलो.

त्याच वर्षी गावी माझी आई शेवटच्या घटका मोजत होती. भास्कर गाडी घेऊन दारात आला. "बठ. बोलू नको." नवापूरच्या रस्त्याला ती गाडी काय निघाली! हिसका नाही, आरडाओरडा नाही, झाडं तेवढी भराभर मागे पडत होती. आमच्याकडे शेवटचं पाणी मुलाच्या हातचं लागतं. आईने डोळे उघडले, मी आलोय हे पाहून "उना का?" म्हणाली आणि माझ्या हातचे दोन घोट घेतले. भास्कर बाहेर ओट्यावर बसून होता. पुढे त्याने ही गोष्ट कधी काढली नाही, आणि मीही त्याला कधी काही म्हणालो नाही. मला त्याने वेळेवर पोचवलं आणि त्याच्या वेळी मी उशिरा पोचलो, हे दुःख मला जन्मभर पुरणार आहे. कुणाला सांगितलं की म्हणतात, ट्रॅफिकला तू काय करणार.

गाडी वहिनींनी विकली नाही. दिवसकार्य झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, आठवड्याले एक दाव चालाडी जात जा, नहीते बॅटरी उतरी जाई." गेल्या रविवारी मी पहिल्यांदा तिच्या स्टिअरिंगवर बसलो. भास्कर माझ्याहून वीतभर बुटका; सीट त्याने पार पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीटखालचा दांडा हाताला लागला... ओढला असता तर ऐसपैस जागा झाली असती. मी हात काढून घेतला आणि तसाच अवघडून हायवेपर्यंत जाऊन आलो. गुडघे अजून दुखतायत. येत्या रविवारीही तसाच बसणार आहे.