बाकांच्या लाकडाची गॅलरी

रोज सकाळी दाढी झाली की सुतारकाका पटाशीने पेन्सिलीला टोक काढत आणि ती उजव्या कानावर खोचत. मगच चहा. घरात नातीचा शार्पनर होता, पण काकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तो टोक काढत नाही, पेन्सिल खातो, असं त्यांचं म्हणणं. रविवारीसुद्धा पेन्सिल कानावर चढायचीच. चर्चच्या दाराशी पोचलं की काकू न बोलता हात पुढे करायच्या, काका पेन्सिल त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि दीड तास ती पर्समध्ये गीतांच्या पुस्तकाशेजारी पडून राहायची. उपासनेनंतर पंचांची मीटिंग असली की काका परत मागायचे.

"मीटिंगमध्ये काय मोजायचंय तुम्हाला?" काकू विचारायच्या.

"लोकांचं बोलणं," काका म्हणायचे.

पंच म्हणजे मंडळीने निवडून दिलेली सात माणसं. उपदेश करणं, आजाऱ्यांना भेटणं, लग्नं लावणं हे पाळकसाहेबांचं काम. छप्पर गळतंय का, नवा माइक घ्यायचा की जुनाच ठोकून चालवायचा, दोन घरांतलं भांडण चर्चच्या पायरीवर आलं तर मध्ये कोणी पडायचं, हे पंच बघत. पगार नाही. मान बराच, आणि शिव्या त्याहून बऱ्याच. काकांकडे इमारत होती. एकवीस वर्षं. दर तीन वर्षांनी निवडणूक यायची आणि कोणीतरी म्हणायचं, काकांचं नाव आधी लिहून टाका, मग बाकीच्यांचं बघू.

त्यांचं दुकान रस्त्याला लागून होतं. एक लांबट खोली, मधोमध कामाचं टेबल, भिंतीवर करवती आकाराप्रमाणे टांगलेल्या. गिऱ्हाईक कपाट सांगायला आलं की काका आधी त्याच्या घराची भिंत बघायला जात. भिंत सरळ नसेल तर तोंडावर सांगत. "कपाट सरळ होईल, पण घर वाकडं आहे. मागे फट दिसेल. चालेल?" अशा बोलण्याने काही गिऱ्हाइकं गेली आणि जी राहिली ती जन्मभराची झाली. लाकडाच्या बाबतीत त्यांनी कोणाची भीड ठेवली नाही. फक्त एकदा ठेवली.

पहिल्यांदा पंच झाले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते, सातांत सगळ्यांत लहान. त्याच वर्षी चर्चमध्ये नवे बाक आले. जुने अठ्ठावीस बाक मागच्या अंगणात ताडपत्रीखाली जाऊन पडले आणि त्यांचं काय करायचं यावर लागोपाठ तीन मीटिंगा गाजल्या. विकायचं म्हटलं की एक रुसायचा, जाळायचं म्हटलं की दुसरा. तिसऱ्या मीटिंगला तर एक म्हाताऱ्या बाई दारातच येऊन उभ्या राहिल्या. "माझा नवरा चाळीस वर्षं ज्या बाकावर बसला, त्याचं सरपण करणार का तुम्ही?"

गायनमंडळासाठी मागच्या बाजूला वर गॅलरी बांधायची, हे आधीच ठरलेलं होतं. मग एकजण म्हणाला, हेच लाकूड गॅलरीत घालू या. खोलीतल्या सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. बाईंनी डोळे पुसले. सगळे तरुण सुताराकडे बघू लागले आणि तरुण सुताराने मान हलवली.

बाकांच्या जाड फळ्या दोन-दोन जोडून, बोल्ट घालून त्यांनी अकरा तुळया केल्या. खालून पातळ पाट्यांचं छत मारलं, त्याला पॉलिश केलं. पुढचे बावीस रविवार लोक वर बघून म्हणत, काय हात आहे हो. काम घरच्याच माणसाचं, म्हणून तपासायला कोणी आलं नाही. येणार तरी कोण? इमारत बघणारा पंच तोच होता.

एकवीस वर्षांनी एका रविवारी दुपारी चर्च झाडणाऱ्या मावशींनी काकांना हटकलं.

"काका, वर गिरणी टाकलीय का?"

"का हो?"

"रोज सकाळी शेवटच्या बाकावर पीठ पडलेलं असतं. मी पुसते, ते परत पडतं."

काकांनी ते चिमटीत घेऊन चोळलं. पावडरीसारखं मऊ, जरा पिवळसर. त्यांनी शिडी आणली, छताची एक पाटी सोडवली आणि आतल्या तुळईला पटाशी टेकवली. ठोकावी लागली नाही. ओल्या साबणात जावी तशी ती आत गेली. अकरापैकी चार तुळया तशा होत्या. पाचवीचा भरवसा नव्हता.

ते खाली उतरले. गॅलरीच्या जिन्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"भुंगा लागलाय."

"मग आता?"

"आता मला घरी जायचंय," काका म्हणाले. मावशी पुढे कित्येक वर्षं हे सांगत. काकांचं तोंड तेव्हा असं झालं होतं, की पुढे विचारायचा धीरच झाला नाही.

येत्या शनिवारी त्याच चर्चमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. गॅलरीत गायनमंडळ, आणि त्यांच्यामागे नवरीच्या मैत्रिणी दाटीवाटीने उभ्या राहणार होत्या. चाळीस-पंचेचाळीस जणी तरी.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि व्यवहाराचं बोलल्या. "खालून टेकू द्या चार. लग्न पार पडू दे, मग सांगा."

"टेकू दिसतील."

"फुलं गुंडाळा. लग्नच आहे, कोणाला कळतंय?"

काका खुर्चीत बसले. "एक गोष्ट तुला सांगितली नाही. तेव्हाच मला भोकं दिसली होती. दोन फळ्यांना. टाचणीच्या टोकाएवढी."

"मग फेकल्या का नाहीत?"

"त्या बाईंच्या नवऱ्याच्या बाकाच्या होत्या त्या."

काकूंनी हातातली चादर तशीच मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "हे एवढं कोणाला सांगू नका. कीड लागली म्हणा. कीड कोणाच्याही लाकडाला लागते."

"लागते ना," काका म्हणाले.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी किल्ली नेऊन पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि तुळयांचं सांगितलं. पाळकसाहेब वयाने त्यांच्या मुलाएवढे. त्यांनी फक्त विचारलं, "काका, आज संध्याकाळी सहाला बोलवू सगळ्यांना?"

मीटिंगची खोली चर्चच्या बाजूला होती. लांब टेबल, एक कपाट, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या. प्रार्थना झाली. काकांनी उभं राहून चार वाक्यांत सांगितलं. गॅलरीच्या चार तुळया गेल्या आहेत. पाचवी जायच्या वाटेवर आहे. जिना बंद केलाय. उघडू नये.

औषधांचं दुकान असलेले एक पंच होते. माणूस मनाचा चांगला, पण गप्प बसणं त्यांना आजार वाटायचा. ते लगेच म्हणाले, "एवढंच ना? गॅलरी रंगकामासाठी बंद, अशी पाटी लावा. महिन्याभरात काका गुपचूप नव्या तुळया घालतील. उगाच बोभाटा कशाला? काकांचंही नाव राहील, आपलंही."

दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यात काकांना दुखवायचं नाही, हीच भावना होती. सेक्रेटरीबाई पूर्वी शाळेच्या हेडमिस्ट्रेस. त्यांनी इतिवृत्ताच्या वहीवर पेन टेकवून ठेवलं होतं. "मी काय लिहू ते सांगा," त्या म्हणाल्या. "रंगकाम लिहायचं असेल तर आधी रंग कोणता तेही ठरवा. पुढे कोणी विचारलं तर खोटं तरी पूर्ण असावं."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली. "लिहा. तुळया जुन्या बाकांच्या लाकडाच्या. लाकूड सुताराने निवडलं. दोन फळ्यांना भुंग्याची भोकं होती, ती सुताराने पाहिली होती. पाहून वापरली."

"काका," औषधवाले हळूच म्हणाले, "एकवीस वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय तुम्हाला?"

"कोणी नाही. म्हणूनच एकवीस वर्षं चाललं."

"पण हे वहीत कशाला?"

"पुढे माझ्या जागी जो बसेल, त्याने वाचायला. मी काय बांधलंय ते त्याला कळायला नको? वर तीन खिडक्यांच्या चौकटी माझ्या आहेत. बाहेरचा माणूस बोलवा, त्याही बघू दे त्याला."

सेक्रेटरीबाईंनी लिहिलं. एक शब्द खोडला नाही, एक वाढवला नाही. मग काका उठले. ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याने बाहेर जायचं, असा तिथला रिवाज होता. पूर्वी कितीतरी जणांना त्यांनीच आठवण करून दिली होती, की उठा, तुमचा विषय आहे. ते बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले. नळ थेंब-थेंब गळत होता. दोनदा घट्ट करून पाहिला. वायसर गेलं होतं.

आत बोलावलं तेव्हा तीन गोष्टी ठरल्या होत्या. गॅलरी आजपासून बंद, आणि का बंद ते मंडळीला खरं-खरं सांगायचं. दुरुस्ती बाहेरच्या माणसाकडून. इमारतीचं काम काकांकडून काढून सेक्रेटरीबाईंकडे. राजीनामा मात्र मागितला नव्हता. "मुदत संपेपर्यंत बसायचंय तुम्हाला," पाळकसाहेब म्हणाले. "निघून जाणं सोपं आहे, काका."

काकांना तेच हवं होतं. निघून जाणं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"टाकीच्या नळाचं वायसर गेलंय," ते सेक्रेटरीबाईंना म्हणाले. "आता ते तुमच्याकडे."

रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. लग्न शनिवारी होतं. गॅलरीत उभ्या राहणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन काकांनी स्वतः सांगितलं. कोणी पाणी विचारलं, कोणी दारातूनच बरं म्हटलं. बहिणीचं घर शेवटी ठेवलं होतं.

"माझ्याच मुलीच्या लग्नात सुचलं तुला, दादा?" ती म्हणाली. "एकवीस वर्षं गॅलरी उभी राहिली. आणखी दोन तास उभी राहिली नसती?"

"राहिलीही असती."

"मग?"

"मग काय, मला तिच्याखाली बसवलं नसतं."

"तुला बसवून ठेवायला पाहिजे होतं, एकट्यालाच," बहीण म्हणाली आणि आत निघून गेली.

लग्न झालं. गायनमंडळ खाली, चपलांच्या रांगेशेजारी उभं राहून गायलं. नवरीच्या मैत्रिणी खिडक्यांबाहेर उभ्या राहिल्या आणि आत काय चाललंय ते एकमेकींना सांगत बसल्या. बहिणीने भावाला वाढायला बोलावलं नाही. फोटोतही तो कडेला आहे, अर्धा.

बाहेरून आलेल्या इंजिनिअरने तुळया काढून अंगणात मांडल्या. हातोडीने ठोकल्या, नखाने टोकरल्या. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "दहा वर्षं टिकल्या असत्या, किंवा शनिवारीच गेल्या असत्या." बहिणीने यातली दहा वर्षं धरून ठेवली. काकांनी शनिवार. दोघंही इंजिनिअरचंच नाव सांगत.

दुकानात त्या वर्षी कामं कमी आली. एका घरचं कपाट रद्द झालं, एकाने दुकानात येऊन दारांच्या फळ्या उलट्यापालट्या करून भोकं शोधली. काकांनी त्याला भिंग दिलं. रागाने नव्हे. उजेडाकडे धरून बघा, असंही सांगितलं.

मुदतीची उरलेली दोन वर्षं ते एकाही मीटिंगला चुकले नाहीत. गॅलरीचा विषय निघाला की आपणहून बाहेर जात. नवा सुतार त्यांच्यापुढेच लहानाचा मोठा झालेला. त्याने एकदा विचारलं, "काका, सांधा असा घालू का?"

"मला विचारू नकोस. तुझं काम झालं की तपासायला जो येईल त्याला विचार."

"पण तुम्हाला पटतंय का?"

"पटतंय. म्हणून तर विचारू नकोस."

पुढच्या निवडणुकीत त्यांनी नाव दिलं नाही. पण त्यांच्या मागून एक पद्धत राहिली. चर्चमध्ये मंडळीतल्या कोणीही काही बांधलं, दुरुस्त केलं, वायरिंग केलं, तर तपासायला माणूस बाहेरचा. औषधवाल्यांनीच तो ठराव मांडला आणि अजून दर वर्षी आपणच मांडला असं सांगतात.

बहीण अकरा महिने बोलली नाही. मग एका सकाळी दुकानात आली आणि एक स्टूल टेबलावर ठेवलं.

"हलतंय."

काकांनी ते उलटं केलं. "पायाचा खिळा गेलाय. ठेव."

"भोकंबिकं बघून घे," ती म्हणाली, आणि तिलाच हसू आलं.

काका त्यानंतर नऊ वर्षं जगले. शेवटचे काही महिने छातीने धरलं होतं. दुकान बंद झालं, खिडकीपाशी खाट आली. गेले त्या दिवशी सकाळी सेक्रेटरीबाई येऊन गेल्या. चर्चच्या छपराची कामं मंडळीतल्याच एका ठेकेदाराने केली होती आणि तपासायला आज दहा वाजता बाहेरचा माणूस येणार होता. काही लक्ष ठेवायचं असेल तर सांगा, असं त्या म्हणाल्या. काकांना बोलताना धाप लागत होती.

"वर चढणार आहे ना तो?"

"चढणार म्हणालाय."

"शिडीला खाली एक माणूस द्या."

"देते. आणि?"

त्यांनी जरा दम घेतला.

"चहा खाली उतरल्यावर द्या. आधी नको, भीड पडते."